दिव्याच्या खुणेपुढची ओळ

आदरणीय सर,

गेल्या नोव्हेंबरात तुम्ही हयातीचा दाखला द्यायला ऑफिसात आला होतात. सही झाली होती, घरी जायचं होतं. माझ्या स्क्रीनवर एपीएल, ती चिन्हांची जुनी प्रोग्रामिंग भाषा, दिसली आणि थांबलात. "अजून चालतंय हे?" म्हणत शेजारची खुर्ची ओढलीत.

त्याआधीचे तीन आठवडे मी रडकुंडीला आले होते. कर्मचाऱ्यांच्या कर्जहप्त्यांचा जुना प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलेला. फंक्शनला, म्हणजे हप्ता काढणाऱ्या तुकड्याला, मुद्दल, दर, मुदत अशा तीन गोष्टी द्यायच्या आणि एपीएलमध्ये जागा दोनच: डावीकडे अल्फा, उजवीकडे ओमेगा. एका वरिष्ठांनी "मेलेली भाषा, पायथनमध्ये लिहून टाक" म्हणून हात झटकले. दुसऱ्यांनी एक ओळ पाठवली, "चिकटव." चिकटवली. एका कर्जाचं उत्तर बरोबर आलं: लाखाला बारा टक्क्यांनी बारा महिन्यांचा हप्ता 8,885 रुपये. चाळीस कर्जं एकदम दिली तर बेरीजच होईना, चाळीस हप्त्यांची यादी तशीच परत. पुन्हा विचारलं, तर त्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. ते अजून सलतं.

तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. "अधिकचं चिन्ह बघ," म्हणालात, "एक आकडा डावीकडे, एक उजवीकडे. ही भाषा घडवणाऱ्या आयव्हर्सननी सगळ्या फंक्शनना तीच शिस्त लावली. तिसऱ्याला दार नाही. पण उजव्या हातात मिसळणाचा डबा दे की, त्यात हव्या तेवढ्या वाट्या बसतात." मग माझी ओळ वाचून विचारलंत, "तू वाटी उचलतेस की वाटीतलं?"

तिथे लख्ख कळलं. डबा म्हणजे उजवीकडची एकच यादी, वाट्या म्हणजे तिच्यातल्या मुद्दल, दर, मुदतीच्या याद्या. चौकोनी कंसात क्रमांक घालून मी झाकण लावलेली वाटीच उचलत होते, आणि एका बंद वाटीची बेरीज म्हणजे तीच वाटी. एकाच कर्जाला नुसते आकडे असतात, झाकण नसतंच, म्हणून चूक लपली होती. कंसात तीन नावं लिहिली, पुढे बाण, पुढे ओमेगा. एकूण रक्कम एका आकड्यात समोर आली.

पण खरे आभार त्यानंतरच्या दोन मिनिटांचे. एपीएलमध्ये कॉमेंटची, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपेची, खूण ⍝, तिला लॅम्प म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत. "तुझ्यानंतर इथे बसेल त्याच्यासाठी दिवा लाव." मी टाइप केलं: उजवीकडे मुद्दल, दर, मुदत, याच क्रमाने. तुम्ही म्हणालात, "खाली तुझं नाव घाल." मी म्हटलं, सोडवलंत तुम्ही. "ओळ तू लिहिलीस ना?" आणि नाव घालेपर्यंत उठला नाहीत.

संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या 1979 च्या भाषणात आयव्हर्सन यांनी लेखनपद्धतीला विचाराचं साधन म्हटलं होतं, ते मी नंतर वाचलं. तुमच्या हातात ते माणुसकीचंही साधन झालं, सर. जाणकार पुष्कळ भेटले. समोरच्याला लहान न करता शिकवणारा माणूस त्या तीन आठवड्यांत एकही भेटला नव्हता.

आता मी अल्फाही वापरते. वर्षाला किती हप्ते ते डावीकडे लिहायचं. काहीच लिहिलं नाही तर फंक्शन बारा धरतं. तिमाही हवा असेल तर चार. या नोव्हेंबरात दाखला द्यायला याल तेव्हा ते तुम्हाला दाखवायचं आहे. शेजारची खुर्ची रिकामी ठेवते.

तुमची कृतज्ञ