क्लेबरीची टेकडी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी जातोस कुठे, असं तुम्ही विचारलं होतंत. जवळच वुडफर्ड ब्रिजच्या टेकडीवर क्लेबरी आहे, तिथे. १८९३ साली लंडन काउंटी कौन्सिलने उघडलेलं वेड्यांचं इस्पितळ! ठाण्याचा मुलगा लंडनला येऊन शेवटी तिथेच पोचला, हा विनोद मी आधीच करून टाकलाय, काकांना सांगा.

जागा मात्र खाशी. हम्फ्री रेप्टन या नामांकित उद्यानरचनाकाराने १७९१ मध्ये ही जमीन एका धनिकाच्या बंगल्यासाठी आखून दिली होती. शंभर वर्षांनी ती वेड्यांच्या वाट्याला आली. उंचावरची हवा, लांबवर नजर आणि हाताला काम मिळालं की डोकं ठिकाणावर येतं, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची श्रद्धा. म्हणून पुरुष शेतात आणि बागेत, बायका धोबीघरात आणि शिवणकामात. उपचार खरा, पण फुकटची मजुरीही खरीच.

तेव्हाच्या अशा इस्पितळांतली एक युक्ती तुम्हाला आवडेल. पळून जाऊ नये म्हणून भिंत तर हवी, पण तुरुंग वाटायला नको. मग भिंत खंदकात बांधायची. लांबून बघणाऱ्याला तिच्या माथ्यावरून सरळ पलीकडची शेतं दिसतात; उतार उतरून जवळ गेलं की तीच भिंत पुरुषभर उंच! दया आणि पहारा एकाच गवंड्याने बांधलेले.

मागचं रान फार जुनं. ओक आहेत, पण मला हॉर्नबीम आवडतो. राखाडी, गुळगुळीत खोड, पण पैलवानाच्या दंडासारखं पीळदार. पानं दातेरी, शिरा ठळक. झाडांतून बाहेर आलं की खाली अख्खं लंडन.

१९९७ ला इस्पितळ बंद झालं. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत, नाव रेप्टन पार्क. प्रार्थनाघरात पोहण्याचा तलाव केलाय. भाड्याचा आकडा ऐकून मी निमूट रानात परतलो; ते तेवढं सगळ्यांना खुलं आहे. धनिकाची जमीन फिरून धनिकांकडेच.

ठाणे-मुलुंडमधल्या नव्या स्टेशनासाठी आपल्या मेंटल हॉस्पिटलची जमीन घेणार होते, त्याचं पुढे काय झालं? तिकडून गेलात तर आवारातली कुठली झाडं शिल्लक आहेत ते बघून कळवा. आईला गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगा.

तुमचा,
नीलेश