बाबा, एफडी मोडू नका

प्रिय आई आणि बाबा,

रविवारी फोनवर धड बोलणंच झालं नाही म्हणून टाइप करतेय, बाबा आईला वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून दुकानातच असेल. बाबा, तुम्ही तीनदा तेच विचारलंत, "2019 ला घर घेतलंस ना, मग परत त्याच घरासाठी पैसे कशाला?" आणि लगेच एफडी मोडायच्या गोष्टी. थांबा जरा.

खरं सांगते, तेव्हा मी तुम्हाला अर्धंच सांगितलेलं. लंडनमधल्या हाऊन्सलोचा हा फ्लॅट लीजहोल्ड आहे, म्हणजे बिल्डिंग आणि खालची जमीन फ्रीहोल्डरची (मूळ मालकाची), मला जून 2007 पासूनच्या 99 वर्षांच्या लीजमधली उरलेली वर्षं मिळाली. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट असेच असतात. घरभरणीला आई आलेली, दूध उतू घालवलं आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, बाबा टॉवेल हलवत होते, त्या गडबडीत "हे 87 वर्षंच आपलं आहे हं" हे कुठे सांगत बसू? (हॉबवरचा दुधाचा डाग अजून तसाच आहे.)

तसं बाबांना हे नवीन नाही, नेरुळला आपल्या सोसायटीची जमीनपण सिडकोच्या 60 वर्षांच्या लीजवरच आहे. पण तिथे अख्ख्या सोसायटीचं दुखणं एक, इथे माझं मी बघायचं.

आता पैसे भरून ही लीज वाढवून घ्यायची घाई का ते. लीजची 80 वर्षं आणि 4 महिने उरलेत. मुदत 80 च्या खाली गेली की मॅरेज व्हॅल्यू नावाचं प्रकरण सुरू होतं (आई, लग्नाशी काही संबंध नाही, तो विषय काढू नकोस). लीज वाढवल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते त्यातला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला द्यायचा. 80 च्या वर असताना अर्ज केला तर तो द्यावा लागत नाही. आणि लीज जितकी कमी तितकी बँक लोन द्यायला कुरकुरते, म्हणजे विकायला गेलं की गिऱ्हाईक पळालं. सर्व्हेयर म्हणाला आज साडेदहा हजार पौंडाच्या आसपास जाईल, त्यावर माझा वकील, सर्व्हेयर, आणि कहर म्हणजे फ्रीहोल्डरच्या वकिलाची आणि व्हॅल्युएशनची फीसुद्धा मीच भरायची! म्हणजे त्याने माझ्याकडून पैसे घ्यायचे आणि ते घ्यायचा खर्चपण माझ्याच बोडक्यावर.

फ्रीहोल्डरने मध्ये एक गोड पत्र पाठवलेलं, कायद्याबाहेर आपसात करू, स्वस्तात करू. वाचलं तर लीज परत 99 वर अन् वर्षाला 250 पौंड ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) पुढची 80 वर्षं चालूच. पत्र कचऱ्यात. 1993 च्या कायद्याने गेलं की उरलेल्या मुदतीवर 90 वर्षं वाढतात आणि ग्राउंड रेंट पेपरकॉर्न होतं. म्हणजे अक्षरशः मिरीचा एक दाणा, तोही त्याने मागितला तर! आई, तू बरणी भरून दिलेली मिरी आहे घरात, फ्रीहोल्डरच्या सात पिढ्यांना पुरेल.

बाबा म्हणतील नवा कायदा आलाय ना. आलाय, मे 2024 ला पास झाला, 990 वर्षं वाढवून मिळणार, मॅरेज व्हॅल्यू रद्द, पण नेमकी हीच कलमं अजून लागू नाहीत. मी 4 महिने त्या भरवशावर बसले आणि जून उलटला तर? समोरच्या फ्लॅटमधली बाई थांबलीय, म्हणते फुकटचे पैसे घालवतेस. असेल. पण मला रात्री झोप लागत नाही हे तिला कुठे माहितीये.

म्हणून पुढच्या आठवड्यात वकील फ्रीहोल्डरला सेक्शन 42 ची नोटीस, म्हणजे लीज वाढवून मागायचा कायदेशीर अर्ज, पाठवतोय. नोटीस दिली त्या तारखेवरच किंमत ठरते, म्हणून मग जून उलटून गेला तरी चालतं, मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. फ्रीहोल्डरला उत्तराला कमीत कमी दोन महिने, रकमेवर जमलं नाही तर ट्रिब्युनल. म्हणजे हे वर्ष यातच जाणार.

पैसे आहेत माझ्याकडे. बाथरूम करायचं ठेवलेलं ते राहू दे, आणि मेमध्ये येणार होते ते आता जमणार नाही, हे मात्र फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. गणपतीला येते, तिकीट बघून ठेवलंय. आंब्याचा रस तेवढा आटवून ठेव आई, आणि बाबा, एफडीला हात लावू नका.

तुमची पोरगी