दीडशे शब्दांचा प्रश्न

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदाच लोकसभेवर निवडून आलेल्या ताईंच्या कार्यालयात तू रुजू झालास याचा मनापासून आनंद झाला. रोजगार, कामाच्या जागा आणि लोकप्रतिनिधींची नैतिकता या विषयांवर ताईंनी पहिल्या अधिवेशनापासून काम करावं असं तू लिहितोस, आणि सोबत भाषणाचा मसुदा पाठवतोस. मसुदा चांगला आहे, पण तूर्त तो बाजूला ठेव. चर्चेत पक्षाला वेळ मिळतो तो संख्याबळावर, आणि त्यातून पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. प्रश्नाचं तसं नाही. तो सोडतीवर ठरतो, तिथे ज्येष्ठता चालत नाही. म्हणून तुझी सगळी ताकद आधी प्रश्नांच्या मसुद्यावर लाव.

लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि यादीत एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न येतात, त्यात तारांकित एकच. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मत विचारणारा, युक्तिवाद करणारा, राज्याच्या अखत्यारीतला किंवा न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न सचिवालयातच गळतो. प्रश्नात एखादं विधान केलं तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी सदस्यावर असते. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून प्रश्न उचलताना हे विसरू नकोस.

तुझा रोजगाराचा प्रश्न असा आहे: 'देशात बेरोजगारी वाढत आहे हे खरे आहे काय, असल्यास सरकारने काय उपाय केले?' याचं उत्तर मी आत्ताच सांगतो. श्रमशक्ती सर्वेक्षणातला बेरोजगारीचा एक आकडा येईल आणि खाली दीड पान योजनांची यादी. असा ढोबळ प्रश्न म्हणजे मंत्रालयाला मोकळं रान. त्याच सर्वेक्षणाची मोजणी कशी होते ते आधी समजून घे. नेहमीच्या स्थितीच्या मोजमापात वर्षातले ३० दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. साप्ताहिक स्थितीत आठवड्यातला एक तास पुरतो. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी सूनही रोजगारातच मोजली जाते. म्हणून विचार असं: दोन्ही मोजमापांनुसार गेल्या तीन वर्षांचे आकडे, रोजगारातल्यांपैकी बिनपगारी घरगुती मदतनीस किती, नियमित पगारदार किती, आणि त्या पगारदारांपैकी लेखी करार नसलेले किती. हे सगळं सर्वेक्षणातच आहे. मंत्र्यांनी ते एका तक्त्यात सभागृहापुढे ठेवलं की वजन वेगळं येतं.

सरकारी रिक्त पदांबाबतही हीच गोष्ट. 'किती पदे रिक्त आहेत' एवढंच विचारलंस तर एक बेरीज मिळेल. मंजूर पदं, भरलेली पदं, त्याच कामावर असलेले कंत्राटी कर्मचारी आणि गटनिहाय फोड, असे चार रकाने माग. कंत्राटी रकाना नसेल तर सगळं चित्र फसवं होतं, कारण काम चालू असतं आणि पद रिकामंच असतं.

कामाच्या जागेवरचा तुझा दुसरा प्रश्न, लैंगिक छळाबाबतच्या २०१३च्या कायद्याचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो तू कामगार मंत्रालयाला लिहिला आहेस. हा कायदा महिला आणि बालविकास मंत्रालयाकडे आहे. चुकीच्या मंत्रालयाला दिलेला प्रश्न तिकडे वर्ग होतो, आणि प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले असल्यामुळे त्यात तुझा दिवस जातो.

मसुदा असा कर. (क) कलम ५ नुसार जिल्हा अधिकारी अधिसूचित झालेले जिल्हे किती, राज्यनिहाय. (ख) कलम ६ नुसार स्थानिक समिती असलेले जिल्हे किती. (ग) कलम २१ नुसार गेल्या तीन वर्षांत वार्षिक अहवाल किती जिल्ह्यांतून आले. (घ) केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यापुरते दाखल, निकाली आणि ९० दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित असलेल्या तक्रारींचे आकडे.

(घ) भाग का, ते सांगतो. कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारं सरकार म्हणजे 'समुचित शासन'; खासगी आस्थापनांसाठी ते राज्य. त्यामुळे (क) ते (ग) ला 'ही माहिती राज्यांकडे असते' असं उत्तर येऊ शकतं. पण केंद्राच्या स्वतःच्या कार्यालयांबाबत समुचित शासन केंद्रच आहे, आणि कलम २३ आकडेवारी ठेवण्याचं बंधन घालतं. तिथे पळवाट उरत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागेत तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती नसते. तिथल्या बाईला आणि घरकाम करणाऱ्या बाईला स्थानिक समितीशिवाय दुसरं दार नाही, आणि तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. समितीच बसलेली नसेल तर ते तीन महिने कुणाच्या दारात घालवायचे तिने? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना त्याच महिनाअखेरपर्यंत जिल्हा अधिकारी नेमायला सांगितलं होतं. न्यायालयावर टिप्पणी नको, फक्त संख्या विचार.

कारखान्यांतल्या अपघातांचा आकडा मागशील तेव्हा तो नोंदणीकृत कारखान्यांपुरताच असतो हे ध्यानात ठेव. आणि इथे एक अंक नीट बघ. १९४८च्या कारखाना कायद्यात वीज असेल तर १० आणि नसेल तर २० कामगारांची मर्यादा होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती २० आणि ४० झाली. १२ कामगारांचं, पत्रा कापणाऱ्या विजेच्या प्रेसचं युनिट संहितेखाली आस्थापना म्हणून येतं, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींच्या बाहेर पडतं. बोटं तुटतात ती बहुतेक अशाच ठिकाणी. खरं तर 'वीस ऐवजी दहा' एवढ्या एका ओळीच्या दुरुस्तीची सूचना विधेयक चर्चेला येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत देता येते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत या संहितेचं आणि सोबतची कामगार विधेयकं विरोधी बाकं रिकामी असताना मंजूर झाली. बहिष्काराची कारणं काहीही असोत, व्याख्येतल्या त्या अंकावर जी लढाई व्हायला हवी होती, ती तिथे झाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

भाषण कसं बांधायचं हे शिकायचं असेल तर बाबासाहेबांचं सप्टेंबर १९३८चं, मुंबई विधानसभेतलं औद्योगिक कलह विधेयकावरचं भाषण काढून वाच. सुरुवात घोषणेने नाही, व्याख्येने आहे. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. कराराचा भंग कायद्यात साधारणपणे गुन्हा असतो का? नाही, ती दिवाणी बाब. मग कामगारानेच तो केला की तुरुंग का? माणसाला इच्छेविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी, या निष्कर्षापर्यंत ते ऐकणाऱ्याला पायरी पायरीने नेतात. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलतानाही तीच रीत: बाळंतपणाआधी आणि नंतरची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची, म्हणून बराचसा भार सरकारने उचलायला हवा, पण म्हणून मालक मोकळा सुटत नाही. ताईंच्या भाषणातली विशेषणं काढ आणि अशा पायऱ्या घाल.

आता नैतिकतेबद्दल, कारण यात तुझाच हात आधी भाजू शकतो. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना काढलं, दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९९८चा निकाल फिरवला. आता मत किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचं कवच नाही. यातून तुझ्यासाठी दोन कामं निघतात. प्रश्न जिथून दाखल होतात त्या सदस्यांच्या संकेतस्थळाचं लॉगिन आणि ओटीपी ताईंच्याच हातात राहू दे, तुझ्याही नको. डिसेंबर २०२३ मध्ये एका सदस्याचं सदस्यत्व गेलं त्या अहवालात लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा होता. दुसरं, बाहेरून आलेला प्रत्येक मसुदा कुणाकडून, कधी आला, त्याचा कुणाला फायदा, हे वहीत लिहून ठेव. राज्यसभेत नियम २९३ खाली हितसंबंधांची नोंदवही असते. लोकसभेत नियम ३७१ हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मतावर आक्षेप घेऊ देतो, पण ताईंचे किंवा घरच्यांचे एखाद्या धंद्यात शेअर असतील तर त्यांनी बोलण्याआधी स्वतःहून सांगावं. आणि एखाद्या मालकाचं नाव घेऊन आरोप करायचा असेल तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि मंत्र्यांना आधी सूचना द्या, नाहीतर तो मजकूर कामकाजातून वगळला जाऊ शकतो आणि पीडित कामगाराच्या पदरात काहीच पडत नाही.

उत्तर आलं म्हणजे काम संपलं असं धरू नकोस. 'माहिती गोळा केली जात आहे', 'विषय विचाराधीन आहे' अशी वाक्यं लाल पेनाने अधोरेखित कर. ती आश्वासनं धरली जातात आणि तीन महिन्यांत पुरी करायची असतात. तारीख मांड, मुदत उलटली की सभागृहाच्या सरकारी आश्वासनांच्या समितीला ताईंच्या सहीने पत्र दे. उत्तर अपुरं असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना आहे, तीन दिवस आधी. तारांकित प्रश्न तोंडी आला तर ताईंना दोन उपप्रश्न मिळतात. ते तक्त्यात न आलेल्या रकान्यावर ठेवा, एकेका वाक्याचे.

(क) ते (घ) हे चारही भाग शुद्ध करून परवापर्यंत पाठव. मंत्रालयाचा वार कोणता येतो ते पाहून १५ दिवस उलटे मोज. शब्द मी मोजून देतो.

ताईंना नमस्कार सांग. वहिनींना आणि मुलांना आठवण.

तुझा,
दिलीप