डेंग्यूची मोहीम जुलैत नको, मेमध्ये हवी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पुणे शहरात आशा स्वयंसेविका आहे. पावसाळ्यात घरोघरी जाऊन पिंपं, कूलर, फ्रिजमागचे ट्रे तपासते. एका घरातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, हे पिंप उन्हाळाभर कोरडंठाक होतं, भरून चार दिवस झालेत, यात कुठल्या आल्यात अळ्या?" बॅटरीचा झोत टाकला तर तळाशी वळवळ सुरू होती. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरड्यात तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून काथ्यानं खसाखसा घासावं लागतं. तेही पावसाच्या आधी.

आपला डेंग्यू प्रतिरोध महिना मात्र जुलै. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात येऊन ठेपला. आम्ही दारात उभ्या राहीपर्यंत डासांच्या दोन-तीन पिढ्या उडून गेलेल्या असतात.

पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२५मध्ये इथल्या डेंग्यूचा अभ्यास मांडला. तापमान २७ अंशांच्या वर, हवेत ६० ते ७८ टक्के ओलावा आणि पाऊस बेताचा पण सारखा, हे जुळलं की रुग्ण वाढतात. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला, तर उलट अंडी-अळ्या वाहून जातात. उकाडा असाच वाढला तर २०३०पर्यंत पुण्यात डेंग्यूचे मृत्यू १३ टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा अंदाज आहे. साथीचा इशारा दोन महिने आधी देता येतो, हेही त्यांनी दाखवलंय. साहेब, दोन महिने आमच्यासाठी फार मोठे आहेत. तेवढ्यात आमची अख्खी वस्ती तपासून होते.

मोहिमेच्या तारखा त्या इशाऱ्यावरून ठरवा. वॉर्डनिहाय रुग्णसंख्या दर आठवड्याला जाहीर करा, शास्त्रज्ञांनाही द्या. आकड्यांशिवाय ते तरी काय सांगणार? आणि कृपा करून धुराच्या गाडीवर विसंबू नका. ती येते रुग्ण सापडल्यावर, मारते उडणारे डास. पिंपातल्या अळ्यांना तिचा काही उपद्रव नाही.

येत्या मे महिन्यात, वळवाची पहिली सर पडायच्या आत आम्हाला घरोघरी पाठवा. काथ्या प्रत्येक घरात असतोच.

आपली,
पुण्यातली एक आशाताई