बेरीज जुळवूनच डेटा हलवा

संपादक महोदय,

मेनफ्रेम या मोठ्या संगणकावरच्या डीबी२ डेटाबेसमधला डेटा झटपट काढायला ‘हाय परफॉर्मन्स अनलोड’ हे साधन वापरतात. ते एसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या भाषेला वळसा घालून, डेटा जिच्यात साठतो ती व्हीसॅम फाइल थेट वाचते, म्हणून वेग मिळतो. मात्र बफरमधले (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतले) ताजे बदल डिस्कवर उतरले नसतील तर निसटतात. म्हणून ते बदल डिस्कवर उतरवणारे क्वाएस (QUIESCE) आधी चालवावेच.

खरा घात पुढे होतो. पॅक्ड डेसिमल या पद्धतीत एका बाइटात दोन अंक आणि अगदी शेवटी अधिक-उणे चिन्ह असते; १२४०५ ही रक्कम १२, ४०, ५सी अशा तीन बाइटांत बसते, त्यातला ‘सी’ म्हणजे अधिक चिन्ह. फाइल टेक्स्ट म्हणून पाठवली, की मेनफ्रेमच्या एब्सिडिक अक्षरसंकेताचे इतर संगणकांच्या आस्की संकेतात रूपांतर होताना ४० चे २० आणि ५सी चे २ए होते. रक्कम उरते १२२०२, आणि ‘ए’ हे चिन्हही वैध! कुठलाही एरर येत नाही. फाइल बायनरीच पाठवावी, रूपांतर कॉपीबुकप्रमाणे (फाइलमधल्या रकान्यांच्या आराखड्याप्रमाणे) रकान्यागणिक करावे. नुसत्या ओळी मोजून भागत नाही, रकमांची बेरीजही दोन्हीकडे ताडून पाहावी.

– एक वाचक, ठाणे