मातीचं घर पाडण्याआधी सिमेंट काढून बघा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की इंदूरमधे जर्जर मकानांच्या नोटिसा लागतात, तुमच्या पेपरात बातमी येते, आणि जुनी इंदूर, मल्हारगंजकडची मातीची घरं सरसकट धोकादायक धरली जातात, त्याबद्दल लिहितोय.

आमचं घर मल्हारगंजच्या एका गल्लीत आहे. वाडा वगैरे नाही, ओटी, माजघर, स्वैपाकघर आणि मागे परस एवढंच. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दक्षिणेतून बरीच मंडळी नोकरीसाठी इकडे आली, त्यातलेच आमचे खापरपणजोबा. कारकुनी, पगार बेताचा, म्हणून जोतं तेवढं दगडी आणि वर सगळ्या उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, मधे सागवानी खांब, डोक्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. राजवाड्याचे पण खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेतच ना. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून विटांना पिवळी माती घ्यायचे. भिंती दोन फूट जाड, त्यामुळे मे महिन्यात दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायलाच रात्र होते, माजघरात अजून कूलर लागत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून आम्ही घर "पक्कं" करायला आतून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. तीन पावसाळ्यांत खाली लोणा लागला, म्हणजे ओलीनी पांढरा क्षार फुटला, मग पोपडे, मग भिंतीला पोट आलं, आणि एका इंजिनीयरनी सांगितलं की माती कुजलीये, पाडा. शेवटी गावाकडून एक म्हातारे मिस्त्री बोलावले. त्यांनी थापीच्या दांड्यानी भिंत ठोकली, पोकळ आवाज आला, पपडा ओढला तर मागची माती शिऱ्यासारखी ओली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते पण तेवढीच हवेत सोडूनही देते, सिमेंटनी ती वाट बंद होते आणि पाणी आतल्या आत मुरत बसतं. हातभर वरची वीट मात्र खणखणीत, तिच्यातला गव्हाचा भुसा अजून पिवळा दिसत होता, मला तर गहिवरून आलं.

सिमेंट काढलं, भिंत पूर्ण उन्हाळा उघडी ठेवून वाळवली, खालच्या सडलेल्या विटा थोड्या थोड्या करून बदलल्या, मग पिवळी माती, भुसा, शेण आठ दिवस भिजवून पायांनी तुडवून त्याचा गिलावा केला आणि वर चुना मारला. आई म्हणते आमच्या लहानपणी दर दिवाळीला लिंपण आणि पावसाआधी कवेलू फेरणं ठरलेलंच असायचं, तेच सुटलं म्हणून घरं खचली.

काही घरं खरंच पडायला आलीयेत, तिथे माणसांचा जीव आधी, त्यात वाद नाही. पण नोटीस देण्याआधी मातीकाम कळणाऱ्या माणसाला एकदा भिंत दाखवा, आणि घरवाल्यांनीही प्लास्टरचा हातभर तुकडा काढून आत बघा. आमच्या परसाकडच्या भिंतीचं अर्धं सिमेंट अजून बाकी आहे, पाऊस लागायच्या आत काढतोय, कोणाला बघायचं असेल तर जरूर यावं.

आपला एक वाचक,
मल्हारगंज, इंदूर