खालच्या बोल्टाबद्दल, मेस्त्रीकाकांना

ती. मेस्त्रीकाका,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरां, बरां" म्हणता आणि फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहिते आहे. तुमच्या गॅरेजला पाटी नाही. शिरोड्याहून जाणाऱ्या परक्या माणसाला ट्रॉलरची मशीनं, रिक्षा आणि फणसाच्या फांदीला लटकलेली चेनपुली एवढंच दिसतं. आत काय दर्जाचं काम चालतं ते कळायला आमच्यासारखं अडकावं लागतं.

मे महिना होता. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला उतरायचं, रेडी, आरवलीवरून वेंगुर्ल्याला मावशीकडे जायचं, असा आम्हा मायलेकींचा बेत. फेरीत चढताना इंजिन बंद केलं, पलीकडे पोचल्यावर किल्ली फिरवली, तर आतून नुसतं एक 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. मागे गाड्यांचे हॉर्न, डोक्यावर दुपारचं ऊन, बाजूला आई घामाघूम. बोटीवरच्या पोरांनी आणि मोटरसायकलवाल्यांनी ढकलत गाडी वर सपाटीला आणून दिली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर ती सुरू झाली. त्या मंडळींची नावंही मी विचारली नाहीत. त्यांचेही आभार इथेच मानते. शिरोड्याच्या बाजारात आईसाठी पाणी घ्यायला थांबले आणि माझ्याच हातून इंजिन बंद पडलं. किराणा दुकानदाराने तुमच्याकडे बोट दाखवलं.

गाडी माझ्या बाबांची. 2001 सालची पोर्शे बॉक्स्टर, 2.7 लिटरची. ते लीड्सची नोकरी सोडून कायमचे परतले तेव्हा सामानाबरोबर ही घेऊन आले. ते गेल्यापासून ती विकून टाक असं सगळे सांगतात, पण आम्हा दोघींच्याने ते होत नाही. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही गाडीकडे ज्या तऱ्हेने पाहिलंत, त्यावरून तुम्हाला कळलं असावं असं मला वाटत राहिलं.

पुन्हा ढकलायला चार जण पुढे आले तेव्हा तुम्ही त्यांना थांबवलंत. "ढकलू नकात. आधी माका ऐकूक देवा." मग मला तीनदा किल्ली फिरवायला लावून तुम्ही सीटांच्या मागे कान लावून बसलात. या गाडीचं इंजिन पुढेही नाही, डिकीतही नाही. ते मधोमध, सीटांच्या मागे, सहा सिलिंडर तीन-तीन समोरासमोर आडवे झोपलेले. वरून बघायचं तर कापडी छत अर्धवट उचलून धरायचं, गालिचा काढायचा आणि पत्र्याचं झाकण खोलायचं. स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी मोटर, त्याच्याही खाली, इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या आड, गिअरबॉक्सच्या तोंडाशी. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने दोन वर्षांपूर्वी हाच स्टार्टर बदलला होता. तेव्हा इंजिन खाली उतरवल्याशिवाय काम होणार नाही असं सांगून त्याचे पैसेही घेतले होते.

तुम्ही आधी मल्टीमीटर काढलात. बॅटरी पुढच्या डिकीत, स्टार्टर मागे, मधली केबल गाडीच्या पोटातून जाते. लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं स्टार्टरच्या केबलवर धरलंत आणि मला किल्ली फिरवायला सांगितलीत. काटा 1.6 व्होल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, हे तुम्ही मला वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावलंत. स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, म्हणून केबलच्या टोकाला जरासा गंज धरला तरी वाटेतच दीड व्होल्ट खाल्ला जातो. मग मोटर सावकाश फिरते, जास्त वेळ फिरवावी लागते, तापते आणि आतले कार्बन ब्रश जाळून घेते. टोकावरचं रबर कापून दाखवलंत तेव्हा आतलं तांबं हिरवं पडलेलं होतं, बोटाने चोळलं तर भुकटी. "हंय लोखंडाक मीठ खाता, तांब्याकय सोडना नाय." ज्या गावाच्या मिठागरांवर 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या माणसाला हे माहीत असणारच. पण गाडी तर बारा महिने मुंबईत समुद्रासमोर उभी असते. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

जळलेल्या स्टार्टरच्या जागी नवा पुण्याहून बसने सावंतवाडीपर्यंत यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आम्ही तुमच्या पडवीत जेवलो. काकूंच्या हातचे घावणे आणि आईला दुपारी आडवं व्हायला दिलेली आतली खोली, यावर लिहायला घेतलं तर दुसरं पत्र होईल.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही बॅटरीची मायनस सोडवलीत, थ्रॉटल बॉडी आणि मधला इनटेकचा भाग काढलात आणि उघड्या पडलेल्या तोंडांमध्ये स्वच्छ फडक्यांचे बोळे बसवलेत. फडकी मोजून सहा घेतलीत आणि ती संख्या खडूने दारावर लिहिलीत, एकही आत राहू नये म्हणून. मग स्टार्टरखाली हात घातलात आणि थांबलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. "हेचो खालचो बोल्ट खंय गेलो?"

आरशात मलाही दाखवलंत. वरचा बोल्ट जागेवर, खालच्या भोकात काही नाही. खालचा डोळ्यांना दिसत नाही, हातालाही धड लागत नाही. आधी ज्यांनी काम केलं त्यांनी तो लावलाच नव्हता. दोन वर्षं स्टार्टर वरच्या एकट्या बोल्टावर तिरका लटकला होता आणि दर वेळी फ्लायव्हीलच्या, म्हणजे स्टार्टर जिला फिरवतो त्या चकतीच्या, दात्यांना ओरबाडत होता. "एका पायार माणूस किती दीस उभो रवतलो?" असं म्हणून तुम्ही इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत पूर्ण चकतीचे दाते टॉर्चने तपासलेत. कडा झिजल्या होत्या, दाते शाबूत होते. ते शाबूत आहेत असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी पडवीत जाऊन आईजवळ बसले, इतका जीव भांड्यात पडला.

त्या एका बोल्टाला दीड तास लागला. आधी भोकाची खोली सायकलच्या तारेने मापलीत. डब्यातला 10.9 शिक्क्याचा, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा, बोल्ट त्या मापाशी ताडून बघितलात, दोन मिलिमीटर लांब भरला म्हणून घासलात. सॉकेटमध्ये ग्रीस भरून बोल्ट चिकटवलात, लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉईंट लावून आत सोडलात. पहिल्यांदा पडला. छत्रीच्या काडीला स्पीकरचं चुंबक बांधून पुतण्याने तो वर काढला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि नुसत्या बोटांनी आटे धरलेत. घामाचा थेंब हनुवटीवरून पडू नये म्हणून पुतण्या खांद्यापाशी टॉवेल धरून उभा होता. आटे लागले तेव्हा तुमच्या मनगटाला पत्र्याने ओरखडे पडून रक्त आलं होतं, आणि तुम्हाला ते माहीतही नव्हतं.

काकाऽ, तो बोल्ट तुम्ही नसता लावला तरी मला कधीच कळलं नसतं. गाडी सुरू झाली असती, मी पैसे दिले असते, आणि वर्षा-दोन वर्षांनी मुंबईत कुठेतरी पुन्हा 'टक्' झालं असतं. तेव्हा तुमचं नाव कुणी घेतलं नसतं.

केबलचं सडलेलं टोक कापून नवा तांब्याचा लग, म्हणजे टोकाची कडी, दाबून बसवलात, वरून रबरी नळी आखडवलीत. मीटर पुन्हा लावलंत तेव्हा 0.3 दाखवलं. सहा फडकी मोजून परत घेतलीत, दारावरचा आकडा पुसलात. आणि किल्ली मला न देता आईला दिलीत. बाबांच्या जागेवर ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली. किल्ली फिरवताना तिचा हात थरथरत होता, पण इंजिनाने एक क्षणही घेतला नाही. तिने ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं, असं पाच वेळा केलं. तुम्ही अडवलं नाहीत.

मजुरी तुम्ही सांगितलीत ती इतकी कमी होती की मी वाद घातला. "माझी मजुरी मी घेतलंय, जास्ती कित्याक?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पावसाळा गेला. गाडी तापलेली असताना, भर ट्रॅफिकमध्ये, पेट्रोल पंपावर, सगळीकडे पहिल्या किल्लीला सुरू होते. आई दर रविवारी एकदा स्वतः सुरू करते.

पुतण्याला सांगा, पुढच्या बुधवारी सावंतवाडीला बसने एक पार्सल येईल. त्यात लांब एक्स्टेंशनचा संच आहे आणि वाकणाऱ्या दांड्याचं चुंबक. काकूंसाठी आईने काहीतरी बांधून दिलंय, ते काय आहे ते मलाही सांगत नाही. परत पाठवू नका.

तुमची,
वेंगुर्ल्याच्या वाटेवर अडकलेली